सत्तरच्या वरचे ठोके

वालचंदनगर,
२० नोव्हेंबर १९९६

सौ. मंदाकिनी,

मायन्यात आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, पण आज ते माझ्याच्यानं होणार नाही. तू बारामतीला भावाकडे जाऊन बसलीस त्याला आठवडा होत आला. नानांना वाटत असेल, बहिणीचं दिवाळीचं माहेरपण लांबलंय. खरं कारण तू त्यांना सांगितलं नसणार. तुझ्याजवळ सांगण्यासारखं काही नाही, आणि माझ्याजवळ जे होतं ते मी दवाखान्यात सगळ्यांदेखत सांगून बसलोय.

इथे सगळं ठीक आहे. सरुबाई सकाळी येऊन भाकरी-भाजी करून जाते. दूध उतू जात नाही, कारण मी ते तापवतच नाही. झोप उत्तम लागते. तेव्हा मी तुला परत ये म्हणण्यासाठी लिहितोय असा समज करून घेऊ नकोस.

लिहितोय ते एवढ्यासाठी, की जाताना तू म्हणालीस, "तुम्हाला काही कळत नाही." सारा जन्म टर्बाइनवर काढलेल्या माणसाला यंत्रातलं कळत नाही असं त्याच्या बायकोनं म्हणावं, आणि तेही त्या दादासाहेबासमोर.

तुझ्या छातीतलं यंत्र मला तुझ्यापेक्षा चांगलं कळतं. एक्क्याण्णव साली पुण्यात ते बसवलं तेव्हा डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून मला समजावलं होतं, तू तेव्हा गुंगीत होतीस. तुझं हृदय मधूनच मंदावायचं आणि तू ओट्यापाशी चक्कर येऊन पडायचीस. यंत्राचं काम एवढंच, की ठोके मिनिटाला सत्तरच्या खाली उतरायला लागले की आपण ठोका द्यायचा. हृदय आपणहून त्याच्यापेक्षा जोरात चालत असेल तर यंत्र गप्प. कॉलनीतली लाईट गेली की जनरेटर सुरू होतो, तसं. म्हणजे नाडी सत्तर लागली तर तो ठोका यंत्राचा. त्याच्या वर जे असेल ते तुझं स्वतःचं.

गेली पाच वर्षं रोज संध्याकाळी चहा झाला की तू हात पुढे करतेस आणि मी घड्याळाकडे बघतो. सत्तर. मी इंदापूरहून तुझ्यासाठी नारायणपेठ आणली, सत्तर. माझ्या निवृत्तीच्या समारंभात मी बोलून खाली बसलो आणि सहज तुझं मनगट धरलं, सत्तर. आसावरीला मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हा बरीच वर गेली होती, पण ते नातीसाठी, ते मी धरत नाही. मंदाकिनी, माझ्या शेजारी बसलेली असताना तुझं हृदय आपल्या जोरावर चाललेलं मी एकदाही बघितलेलं नाही. यंत्र चालवतं म्हणून ते चालतं.

आणि तो वडगाव निंबाळकरचा दादासाहेब. बापानं मेंढरं राखली, यानं ऊस लावला, गाई केल्या, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. तुझ्याच आठवड्यात त्यालाही यंत्र बसलं. डॉक्टर तेव्हा ताडून बघत होते, की तार हृदयाच्या वरच्या कप्प्यात घातलेले पेशंट पुढे कसे राहतात आणि खालच्या कप्प्यातले कसे. तुझ्या वाट्याला वरचा आला, त्याच्या वाट्याला खालचा. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी तपासणीच्या बाकावर तुम्ही शेजारी शेजारी. आधी पुण्याला, आता डॉक्टर बारामतीला येतात म्हणून बारामतीला. आणि दर वेळी त्याचं तेच: "बाई, तुमची तार माडीवर, आमची तळघरात. तुमी वरनं हाक मारा, आमी खालनं व्हय म्हनतो." आणि दर वेळी तू पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसतेस. माझा एक विनोद तू दुसऱ्यांदा ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्यानं खरवसाचा डबा आणला. "गाय व्याली, बाई. पयला चीक तुमच्यासाठी राखला." तू तो डबा मांडीवर घेतलास आणि दोन्ही हातांनी धरून बसलीस. तेव्हा मी तुझा हात धरला. सवयीनं धरला असं म्हणणार नाही. नाडी नव्वदच्या घरात होती. मी म्हणालो, हे यंत्र नाही, हे तुझं आहे, या माणसासाठी. बाकावरचे सगळे ऐकत होते हे खरं, आणि माझा आवाज चढला होता हेही खरं. तू तपासणी न करताच डबा घेऊन नानांकडे निघून गेलीस. पण आकडा खोटा नव्हता.

उत्तराची अपेक्षा नाही. खरवस कुणी खाल्ला तेवढं कळव.

केशव


वालचंदनगर,
१३ डिसेंबर १९९६

मंदाकिनी,

तुझं कार्ड मिळालं. "खरवस सगळ्यांनी खाल्ला. छान झाला होता." उघड्या कार्डावर लिहिलंस. आमचा पोस्टमन ते देताना खरवसात वेलदोडा घालावा की जायफळ यावर माझ्याशी बोलत उभा राहिला.

डॉक्टरांचंही पत्र आलंय. तुझी तपासणी राहिली आहे, ती चुकवू नये असं लिहिलंय. सोबत पाठवतो. माझ्यासाठी जाऊ नकोस, पण जा. बाकावर तुला सोबत असतेच.

काल मी बारामतीला आलो होतो. चष्म्याचं काम होतं. स्टँडवर भिमा भेटला, माझ्या हाताखालचा फिटर, आता तिथं रसवंती चालवतो. मी काही विचारलं नव्हतं. तोच म्हणाला, "बाई दर गुरवारी वडगावच्या गाडीत बसत्यात की. हातात पिशवी आसती. मला वाटलं, सायबांनी तिकडं जमीन-बिमीन घेतली का काय." मी म्हटलं, हो, बघतोय. मग मी त्याच्या घाण्यामागे बसून राहिलो. रस पीत होतो, दुसरं काही नाही.

तू आलीस. ती मोरपंखी साडी नेसली होतीस, जी मी आणल्यावर म्हणाली होतीस की आता या वयात इतकं भडक नको. वडगावच्या गाडीला ते भडक होत नाही, असं दिसतं. तू खिडकीजवळ बसलीस. पिशवीतून गुंडाळी केलेला मोठा कागद बाहेर डोकावत होता. त्याला घरी नेऊन दाखवण्यासारखं काय असेल, हा विचार मी भवानीनगर येईपर्यंत करत होतो. नंतरही केला.

मला मत्सर वाटतो, मंदाकिनी. शब्द लिहून टाकला. या वयात शोभत नाही, आणि तो माणूस माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, दात पडलेला, तोंडात तंबाखू. पण तो बोलला की तू हसतेस आणि तुझं हृदय उठून उभं राहतं. मी चाळीस गोष्टी केल्या असतील, बदली टाळली, घर बांधलं, तुझ्या आईला शेवटपर्यंत इथं ठेवून घेतलं. त्यानं डबाभर खरवस आणला.

गाडी गेल्यावर मी भिमाच्या घड्याळावर माझी स्वतःची नाडी मोजली. एकशे दहा होती. माझ्या छातीत यंत्र नाही. सगळी माझी आणि सगळी तुझ्यापायी. कुणी कधी मोजली नाही एवढंच.

सरुबाई म्हणते, "सायेब, बाईस्नी आणा नायतर तुमी तरी जा तितं. ह्या घराला कळा न्हाय ऱ्हायली." मी तिला म्हटलं, भाकरी कर.

केशव


वालचंदनगर,
१६ जानेवारी १९९७

मंदाकिनी,

तुझं दुसरं कार्ड आलं तेव्हा मी चिडलो होतो. "त्या बाकावर मी पुन्हा बसणार नाही. तपासणी नाही." मला वाटलं, गुरुवारी वडगावला जायला चालतं, आणि तपासणीलाच बाक टोचतो. म्हणून काल, बुधवारी, तू नसतेस अशा दिवशी, मी वडगावला गेलो. त्याला चार शब्द सुनवायचे होते. गाडीत बसून ते मनात जुळवले होते, चांगले जुळले होते.

गोठ्याच्या पुढे उन्हात तो खुर्चीत बसला होता. मी दाराशी उभा राहूनच सुरुवात केली, "दादासाहेब, मला तुमच्याशी बोलायचंय." त्याची बहीण कुशाबाई वैरण टाकत होती, ती पाटी ठेवून पुढे आली.

"तुमीच का बाईंचं मालक? बसा की. असं उभ्याउभ्या कुणी येतं व्हय हितं. आन् त्यांच्याशी काय बोलताय, त्यांची वाचा गेलीया."

मी बसलो. त्याचा उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडला होता, तोंड एका बाजूनं ओढलेलं. दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी झटका आला म्हणे. हे मला कुणी सांगितलं नाही. तू सांगितलं नाहीस. मी विचारलंही नव्हतं, मी खरवसाचं विचारत होतो.

गोठ्याच्या भिंतीवर तो गुंडाळीचा कागद चिकटवलेला होता. गाय, ऊस, पाणी, घर. चित्रं आणि खाली अक्षरं. तीस वर्षं पहिलीच्या फळ्यावर गिरवलेलं तुझं अक्षर मी कुठंही ओळखेन. "बाईंनी लावलंया," कुशाबाई म्हणाली. "गुरवारी येत्यात, बसत्यात. ह्ये रडत्यात, चिडत्यात, बाई हलत न्हाईत. येका टायमाला येक शब्द येतो. पन येतो."

माझं भाषण जुळवलं तसंच राहिलं. दादासाहेबानं मला ओळखलं. अर्ध्या तोंडानं हसला. मग डावा हात वर करून गोठ्याच्या आढ्याकडे दाखवलं, आणि मग स्वतःच्या छातीवरून खाली जमिनीकडे. माडी आणि तळघर. वाचा गेली तरी विनोद तोच. मी हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण हसलो.

कुशाबाईला डॉक्टरांनी सगळं सांगितलंय. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकसायचा सोडून नुसता फडफडायला लागतो, तिथं रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत जाते. "खालच्या तारवाल्यास्नी ह्ये जास्त व्हतं म्हनं. वरच्यास्नी कमी." मी विचारलं, कमी म्हणजे होतच नाही असं नाही ना? ती म्हणाली, "ते तुमी डाक्टरला इचारा. मला वैरन इचारा."

मग मी एक गोष्ट केली, आणि ती चांगल्या मनानं केली नाही. त्याची नाडी किती आहे ते मला हवं होतं. आकडा हवा होता. मी हात पुढे केला, त्यानं आपला डावा हात माझ्या हातात दिला, लहान मूल देतं तसा. मी घड्याळ लावलं. पण मोजताच येईना. दोन ठोके घाईनं, मग थांबा, मग एक दणकट, मग तीन-चार एकमेकांच्या अंगावर. कसलाही मेळ नाही.

कुशाबाई म्हणाली, "झटक्याच्या आदी म्हैना-दीड म्हैना असंच व्हतं. जीव धडधडतो म्हनायचं. आमी म्हनलं, तोड आली न्हाय, उसाची काळजी आसंल."

मंदाकिनी, तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे. त्या दिवशी बाकावर तुझी नाडी नव्वद होती. मी अर्धं मिनिट मोजून दुप्पट केले, कारण मला बोलायची घाई झाली होती. ठोके एकसारखे पडत होते का, हे मी बघितलं नाही. मला आठवून आठवून आठवत नाही. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला मी हेच सांगत आलो, की टर्बाइनचे नुसते फेरे मोजून बाजूला होऊ नका, अंगावर हात ठेवून थरथर बघा. आणि तुझा हात हातात असताना मी फेरे मोजले.

ते तुझ्या मनाचं होतं की दादासाहेबाला झालं त्याची सुरुवात होती, मला माहीत नाही. तू त्या दिवशी तपासणीवाचून गेलीस ती माझ्यामुळे. जा आणि दाखव. त्या बाकावर मी नसेन, मी बारामतीतही नसेन. नाडी मला दाखवू नकोस, नानांना दाखव, वहिनींना दाखव. आकडा राहू दे. एकसारखी पडते का तेवढं त्यांना बघायला सांग, आणि मला उलट टपाली कळव.

केशव


वालचंदनगर,
२७ जानेवारी १९९७

मंदाकिनी,

या वेळी तू पाकीट पाठवलंस, त्याबद्दल बरं वाटलं. आतलं वाचून नाही. "नानांना नाडी एकसारखी लागली. पण कधीकधी धडधडतं. हल्ली जास्त. तुम्हाला सांगायची सोय राहिलेली नाही, सांगितलं तर कुणासाठी म्हणून विचाराल."

विचारलं असतं. अगदी हेच विचारलं असतं. तू छातीवर हात ठेवून बसली असतीस आणि मी कोण आलं होतं ते विचारत बसलो असतो.

दुसऱ्याच दिवशी पुण्याला जाऊन डॉक्टरांना भेटलो. त्यांनी वरच्या तारेच्या पेशंटांचं सांगितलं. इतकी वर्षं झाली, बहुतेकांची चाल सरळ राहिली आहे, खालच्या तारेवाल्यांपेक्षा पुष्कळ बरी. बहुतेकांची. तो शब्द मला आवडला नाही. मी विचारलं, उरलेल्यांचं काय? ते म्हणाले, उरलेल्यांचं आपण वेळेवर ओळखायचं. ही फडफड येते आणि जाते, साध्या ई.सी.जी.च्या पट्टीत सापडेलच असं नाही, म्हणून एक दिवस-रात्र कमरेला कॅसेटचं छोटं यंत्र बांधायचं, ते प्रत्येक ठोका नोंदवतं. पेशंटनं नेहमीसारखं राहायचं. आणि ज्यानं धडधडतं ते त्या दिवशी झालंच पाहिजे, नाहीतर कॅसेट कोरी जायची.

मग त्यांनी विचारलं, "त्यांना कशानं धडधडतं?"

मी समोरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणालो, "एका गृहस्थांच्या भेटीनं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मग त्या दिवशी त्यांना बोलवा," म्हणाले.

तेव्हा माझं असं म्हणणं आहे. गुरुवारी सहा तारखेला सकाळी बारामतीच्या दवाखान्यात यंत्र बांधून घे. बाकावर बसावं लागणार नाही, मी डॉक्टरांशी बोललोय, तुला थेट आत घेतील. त्या दिवशी वडगावला जाऊ नकोस, एस. टी.च्या धक्क्यांनी नोंद बिघडेल. शेजाऱ्यांची जीप मागून मीच दादासाहेबांना नानांकडे आणतो. तुमचा अभ्यास नेहमीसारखा व्हायला हवा. तू हसायला हवीस. मी तुला हे लिहीन असं मला दिवाळीत कुणी सांगितलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं.

आज सकाळी पूजा करताना मी एक मागणं मागितलं. लाज वाटते, पण लिहितो. म्हटलं, माझं त्या दिवशीचं खरं असू दे. ते आजाराचं नसू दे, त्या माणसाचंच असू दे.

केशव


बारामती,
६ फेब्रुवारी १९९७, दुपारी

मंदाकिनी,

हे मी नानांच्या फाटकाबाहेर जीपमध्ये बसून मांडीवर लिहितोय. आत ये म्हणून नाना दोनदा येऊन गेले. मी आत आलो तर तू नेहमीसारखी राहणार नाहीस आणि कॅसेट फुकट जाईल, असं त्यांना सांगितलं. ते बिचारे मान हलवून गेले, त्यांना काय कळलं देव जाणे.

दादासाहेबांना कुशाबाईनं न्हाऊ-माखू घालून, कोरा फेटा बांधून तयार ठेवलं होतं. त्यांना जीपमध्ये बसवताना मीच उचललं. माणूस हलका झालाय. वाटेत ते माझ्याकडे बघत होते. सांगवीच्या पुढे त्यांचं काहीतरी जुळायला लागलं. मी गाडी बाजूला घेतली, कारण मला वाटलं त्यांना काही होतंय. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "सायेब. भ्या. न्हाय." मला भिऊ नका म्हणाले की मी तुम्हाला भीत नाही म्हणाले, की तुझ्या तपासणीबद्दल म्हणाले, मला कळलं नाही. मी बरं म्हटलं. तू त्यांना "भ्या" कशाला शिकवलंस ते मात्र मला विचारायचंय.

खिडकी उघडी आहे. मला सगळं ऐकू येतं. तू म्हणतेस, "दूध." ते म्हणतात, "दू." तू पुन्हा म्हणतेस, "दूध." घाई नाही, वैताग नाही. माझ्याशी तू या आवाजात शेवटचं कधी बोललीस? असेल बोललेली, माझंच लक्ष नसेल. आत्ता तू हसलीस. मोठ्यानं हसलीस. मला अजूनही राग येतो, मंदाकिनी. तू हसलीस की जीपमधून उतरून आत यावं आणि त्यांना उचलून परत न्यावं असं वाटतं. आणि त्याच क्षणी मी घड्याळाकडे बघतो आणि म्हणतो, आता एकसारखे पडू देत, एकसारखे पडू देत.

आत्ता त्यांना जमलं. "दूध" म्हणाले. आत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वहिनींनीसुद्धा.

कागद संपला. उद्या सकाळी यंत्र काढून घेतील, मी ते पुण्याला पोचवतो.

केशव


वालचंदनगर,
१७ फेब्रुवारी १९९७

मंदाकिनी,

निकाल मी नानांकडे फोनवर सांगितलाच, पण फोन नानांनी घेतला आणि त्यांना निम्मंच ऐकू आलं असणार, म्हणून नीट लिहितो.

तुला काही झालेलं नाही. डॉक्टरांनी लांबच लांब पट्टी टेबलावर पसरून मला दाखवली. सकाळपासून दुपारपर्यंत सत्तर, यंत्राचे ठोके, मधे जिना चढलीस तिथं थोडे वर. चारच्या सुमाराला यंत्र थांबलं. तिथून दोन तास सगळे ठोके तुझे. ऐंशी, पंच्याऐंशी, एकदा त्र्याण्णव. मी विचारलं, एकसारखे आहेत का? त्यांनी पेन्सिलीनं एकेक दाखवला. सारख्या अंतरावर, वरच्या कप्प्यातूनच निघालेले, जसे निघायला हवेत तसे. "चाल सरळ आहे, आणि स्वतःची आहे," म्हणाले. "धडधडतं ते एवढ्याचंच. त्यांना इतकी वर्षं सत्तरची सवय झालीय, वर गेलं की जाणवतं." मी त्यांचा हात धरला तो मला सोडवेना. त्यांनी पाणी मागवलं.

स्वारगेटला मी इंदापूरच्या गाडीत बसलो तेव्हा मला नुसता आनंद होता. शेजारच्या अनोळखी माणसाला मी शेंगदाणे दिले. भिगवण गेलं, डाळज आलं, तोवर नुसता आनंदच होता. डाळजच्या पुढे कधीतरी मला उरलेलं उमगलं. मी बरोबर ठरलो होतो. मागितलं होतं ते मिळालं होतं, पुरतं मिळालं होतं. चारच्या सुमाराला यंत्र थांबलं ते कुणाच्या येण्यानं, हे मला पट्टीशिवायही माहीत आहे, मीच त्यांना जीपमधून उतरवलं होतं.

रडू आलं. गाडीत कुणी बघितलं नाही.

नाना म्हणाले, तू यायला तयार आहेस, पण गुरुवार सोडणार नाहीस. सोडू नकोस. इथून वडगाव तुला लांब पडेल, तर त्यांनाच इकडे आणत जाऊ, शेजाऱ्यांची जीप मिळते आणि मी रिकामाच आहे. पुढच्या ओट्यावर दोन खुर्च्या टाकतो. तुमचा अभ्यास चालेल तेव्हा मी आतल्या खोलीत बसेन. तेवढ्या वेळात बाजारात जाऊन या असं म्हणू नकोस, ते मला जमायचं नाही. आणि दार मी लोटून घेणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. माझा स्वभाव गेलेला नाही.

संध्याकाळी चहानंतर हात पुढे करायचा की नाही ते तू ठरव. केलास तर मी घड्याळ काढून ठेवीन. सत्तर असली तर सत्तर. यंत्राचा ठोका असला तरी तो तुझ्याच मनगटात पडतो, आणि ते मनगट माझ्या हातात असतं, याच्याकडे मी पाच वर्षांत एकदाही बघितलं नाही.

काल आपल्या सगळ्या लाइनीत मी पेढे वाटले. लोक विचारत होते, कशाचे? म्हटलं, मंदाकिनीचं हृदय आपलं आपण धावतंय, डॉक्टरांनी दाखवलं. सगळ्यांनी पेढा तोंडात टाकला, चांगलं झालं म्हणाले. कुणासाठी धावतंय, ते कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

केशव